खेळता येईना, नेट उंच

परवा एका जिल्हा पातळीवरच्या व्हॉलीबॉल स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला गेलो होतो. शाळेचं मैदान, वर हॅलोजन, खाली पाणी मारून दाबलेली माती. जिंकलेल्या पोरांच्या अंगावरचा घाम वाळायच्या आत प्रमुख पाहुणे माइकपाशी आले. वय सत्तरीपुढचं. उमेदीत स्वतः खेळलेले, पुढे बरीच वर्षं संघटनेच्या कामात घालवलेले. माणूस आदरणीय आहे, म्हणून नाव घेत नाही. पण त्या रात्री ते जे बोलले ते पटलं नाही, आणि व्यासपीठावर वाद घालायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून हा लेख.

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या पुरुष संघाला आजवर पदक मिळालेलं नाही आणि पुढेही मिळेलसं दिसत नाही, कारण देवाने आपल्याला उंची दिलेली नाही. दुसरं, या देशात क्रिकेटने बाकीच्या खेळांना काही शिल्लक ठेवलेलं नाही. तिसरं, पैसा नाही. आणि शेवटी पोरांचं मन मोडू नये म्हणून एक दिलासा: एवढं मनाला लावून घेऊ नका, आशियाई स्पर्धा म्हणजे काही ऑलिंपिक नव्हे.

टाळ्या पडल्या. समोर मातीत मांडी घालून बसलेल्या पोरांनीही वाजवल्या, आणि मला लागलं ते तिथेच. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, तुम्हाला हे जमणार नाही असं ऐकून टाळ्या वाजवत होती.

नाचता येईना, अंगण वाकडं ही म्हण आपण शाळेत पाठ केली. व्हॉलीबॉलपुरती ती बदलून घ्यायला हवी: खेळता येईना, नेट उंच. पुरुषांचं नेट २.४३ मीटरचं असतं. ते तेहरानला तेवढंच, टोकियोला तेवढंच आणि आमच्या तालुक्यालाही तेवढंच.

आधी ज्या स्पर्धेचं नाव घेऊन हा निकाल सांगितला गेला, तिचाच हिशेब पाहू. आशियाई अजिंक्यपद १९७५ मध्ये मेलबर्नला सुरू झालं. तिथपासून २०२३ च्या इराणमधल्या उर्मियापर्यंत ही स्पर्धा २२ वेळा झाली. जपानने १० वेळा जिंकली. दक्षिण कोरियाने ४, इराणने ४, चीनने ३ आणि ऑस्ट्रेलियाने एकदा. आता साहेबांचं सूत्र या यादीला लावून पाहा. विजेतेपद उंचीवर मिळत असतं, तर उंचापुऱ्या ऑस्ट्रेलियाची कपाटं भरलेली असती. त्यांना ते २००७ मध्ये जकार्ताला एकदाच मिळालं. चीनकडे उंच पोरांची वाण कधीच नव्हती, पण १९९९ नंतर चीनने ही स्पर्धा जिंकलेली नाही. आणि यादीत सगळ्यात वर कोण? आशियात बुटका म्हणून ज्या संघाची चेष्टा व्हायची, तो जपान.

यावर ठरलेलं उत्तर येतं की जपानची गोष्ट वेगळी, ते यंत्रासारखे खेळतात. ठीक आहे. मग जपानलाच जपानशी लावून पाहू. जपानच्या पुरुष संघाने ऑलिंपिकमध्ये १९६४ ला कांस्य, १९६८ ला रौप्य आणि १९७२ ला म्युनिकमध्ये सुवर्ण मिळवलं. सुवर्णाच्या वेळी प्रशिक्षक होते यासुताका मात्सुदाइरा. युरोपातल्या धिप्पाड ब्लॉकपुढे आपण वरून मारू शकणार नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. म्हणून ब्लॉक उभा राहायच्या आधीच चेंडू पलीकडे जाईल अशी व्यवस्था त्यांनी बसवली. लिफ्टरच्या हातातून चेंडू सुटतो न सुटतो तोच मारणारा हवेत असायचा. कोणी खोटी उडी मारायची, मागून दुसऱ्याने येऊन मारायचं. आज जगातला प्रत्येक संघ जे झटपट हल्ले करतो, त्यांतल्या कितीतरी चाली या उंचीच्या अडचणीतून निघाल्या.

मग तोच जपान घसरला. १९९६, २००० आणि २००४ या तीन ऑलिंपिकना त्यांचा पुरुष संघ पात्रच ठरला नाही. २००८ ला बीजिंगला गेले आणि एकही सामना न जिंकता परत आले. २०१२ आणि २०१६ ला पुन्हा घरी. पुढे २०२३ च्या नेशन्स लीगमध्ये कांस्य, २०२४ मध्ये रौप्य. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात इटलीविरुद्ध दोन सेट पुढे आणि हातात मॅच पॉइंट. तो सामना शेवटी ते हरले, पण जगातल्या पहिल्या काही संघांत त्यांचं नाव पुन्हा आलं.

आता साहेबांनीच सांगावं. १९९६ मध्ये जपानी माणूस आखडला होता आणि २०२३ मध्ये ताणला गेला, असं झालं का? शरीरं त्याच मातीतली. मग बदललं काय? त्यांच्या संघातला युकी इशिकावा विद्यापीठात शिकत असतानाच २०१४ मध्ये इटलीत मोडेनाकडून खेळायला गेला, आणि त्याच्यामागून इतरही जाऊ लागले. फ्रान्सचे फिलिप ब्लॅं २०१७ मध्ये सहायक म्हणून आले, २०२२ पासून मुख्य प्रशिक्षक झाले. एकाच पद्धतीवर सलग सात वर्षं काम झालं. या पिढीचा लिफ्टर मासाहिरो सेकिता १७५ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फूट नऊ इंच. लिबेरो तोमोहिरो यामामोतो १७१ सेंटिमीटर, पाच फूट सव्वासात इंच. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या वर्गात या उंचीची पोरं बाकाबाकावर बसलेली असतात.

व्हॉलीबॉल उंचीचा खेळ वाटतो, कारण आपलं लक्ष नेटच्या वरच्या कडेवर असतं. फोटो तिथला निघतो, टाळी तिथे पडते. पण प्रत्येक रॅलीची सुरुवात कुठे होते? समोरून सर्व्हिस येते. वरच्या पातळीवर ती ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे समोरच्याकडे विचार करायला सेकंदसुद्धा नसतो. ती घेणारा गुडघ्यात वाकलेला असतो, दोन्ही हात जोडून पुढे, मनगटाच्या वरचा सपाट भाग आभाळाकडे. चेंडू तिथे आदळतो आणि त्याने तो नेटजवळ उभ्या असलेल्या लिफ्टरच्या डोक्यावर, दोन-तीन पावलांच्या चौकोनात पाठवायचा असतो. पहिला पास त्या चौकोनात गेला तर लिफ्टरकडे तीन-चार पर्याय असतात: मधून झटपट, डावीकडून उंच, उजवीकडून, मागच्या ओळीतून. समोरच्या ब्लॉकला कळत नाही कोणासमोर उभं राहायचं. पास दोन मीटर मागे पडला की पर्याय उरतो एकच, डाव्या टोकाला उंच लिफ्ट. आता समोरचे तिघेही तिथे जाऊन उभे राहतात. तिथे तुमचा सात फुटी माणूसही भिंतीवर डोकं आपटतो.

म्हणजे उंचीचा उपयोग व्हायचा की नाही, हे कमरेच्या खाली ठरतं. ज्या हातांवर चेंडू पहिल्यांदा येतो, ते हात कसे घडले यावर.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. गोष्ट १९८६ ची. मी नववीत होतो. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढलेली होती. संघ निवडायचा म्हणजे मुलांनी एकेक करून पळत यायचं, उडी मारायची आणि त्या रेघेला हात लावून दाखवायचा. लागला तर संघात. माझा हात चार बोटं खाली राहिला. सरांनी माझ्या हातात वही-पेन्सिल दिली आणि म्हणाले, तू गुण लिही. पुढे तीन वर्षं मी तालुक्यापासून विभागापर्यंत गुण लिहीत हिंडलो. कुंभारवाड्यातला एक पोरगा होता, माझ्याहून बुटका. संध्याकाळी सरावाला माणूस कमी पडला की त्याला मागे उभं करत. मातीत लोळून तो असे चेंडू काढायचा की मारणारा वैतागायचा. कोपरं सदा सोललेली, त्यावर हळद. पण रेघ त्यालाही लागली नाही. स्पर्धेच्या दिवशी त्याचं काम गटारात गेलेले चेंडू काढून देणं.

त्या काळी गुण १५ पर्यंत असायचे आणि सर्व्हिस ज्याची, गुण त्यालाच मिळायचा. दुसऱ्याने रॅली जिंकली तर नुसती सर्व्हिस फिरायची. तिसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या नियमाने आमच्या संघाने गमावलेला प्रत्येक गुण हा आम्ही सर्व्हिस घेताना गमावलेला होता. प्रत्येक, एकही अपवाद नाही. माझ्या वहीतला विरुद्ध बाजूचा रकाना म्हणजे आमच्या रिसीव्हचं प्रगतिपुस्तक होतं. आणि ते सुधारण्यासाठी आम्ही काय करत होतो? आणखी उंच पोरं शोधत होतो. चेंडू काढणारा पोरगा गटारापाशी उभा होता.

आता साहेबांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो. उंचीचा फायदा होतो, मोठा होतो. मधला ब्लॉकर दोन मीटरच्या घरातला असला तर समोरच्या मारणाऱ्याचं अर्धं अंगण झाकलं जातं. जपानचेही मधले ब्लॉकर दोन मीटरचेच असतात, इराणचेही. उंच मुलं शोधायला कोणाची ना नाही. पण सहा जणांच्या संघात ही गरज दोघा-तिघांची. आणि आपल्या राष्ट्रीय संघात सहा फूट पाच-सहा इंचांचे खेळाडू नाहीत, असंही नाही. पंजाब, हरियाणा, केरळ, तमिळनाडूतून अशी मुलं वर्षानुवर्षं येत आहेत. म्हणजे जे नाही म्हणून आपण रडतो, ते बऱ्यापैकी आहे. जे कमी पडतं, त्याचं नावही कोणी भाषणात घेत नाही. शिवाय १९९८ मध्ये खेळाच्या नियमांनी लिबेरो आणला, म्हणजे फक्त मागे राहून चेंडू काढणाऱ्याला संघात कायमची जागा दिली. कुंभारवाड्यातल्या त्या पोराला जगाने जागा करून दिली, पण आपली कोळशाची रेघ होती तिथेच राहिली.

जमणार नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आपलाच इतिहास चाळावा. १९५२ मध्ये मॉस्कोत भरलेल्या जागतिक स्पर्धेत भारत खेळला होता. १९५८ च्या टोकियो आशियाडमध्ये कांस्य, १९६२ च्या जकार्ता आशियाडमध्ये रौप्य. १९८६ मध्ये, मी भिंतीखाली वही घेऊन बसत होतो त्याच वर्षी, सोलच्या आशियाडमध्ये सिरिल वल्लूरच्या नेतृत्वाखाली आपल्या संघाने जपानला हरवून कांस्य मिळवलं. त्या संघात केरळच्या पेरावूरचा जिमी जॉर्ज होता. उडी मारल्यावर हा माणूस हवेत थांबतो, असं लोक त्याच्याबद्दल सांगत. इटलीच्या लीगमध्ये त्याने नाव काढलं आणि १९८७ मध्ये तिथेच मोटार अपघातात गेला, वयाच्या ३२ व्या वर्षी. २००३ मध्ये थायलंडमधल्या सुपनबुरीला आपल्या एकोणीस वर्षांखालच्या संघाने जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि फक्त ब्राझीलपुढे हार पत्करली. २००५ मध्ये सुपनबुरीच्या आशियाई अजिंक्यपदात आपण चौथे आलो. पदक एका सामन्यावर होतं.

तेव्हा आपण उंच होतो आणि आता बुटके झालो, असं तर झालेलं नाही. पोषण सुधारलं, पोरं बापापेक्षा उंच होताना आपण घरोघरी पाहतो. क्रमवारीत मात्र आपण खाली घसरलो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर उंचीचं कारण तिथेच संपतं.

अगदी अलीकडचा दाखला हांगझोऊचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आशियाडच्या गटात आपल्या संघाने २०१८ च्या रौप्यविजेत्या दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं. पहिला सेट गेला होता, दुसरा २९-२७ असा ओढून आणला, पाचवा १७-१५. त्या रात्री कोरियाची उंची कमी झाली नव्हती आणि आपली वाढली नव्हती. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे उपांत्यपूर्व फेरीत जपानने आपल्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. जपानचा तो पहिला संघ नव्हताच. पहिला संघ ऑलिंपिक पात्रता फेरीच्या तयारीत होता, हांगझोऊला दुसरी फळी आली होती. त्यानंतर पाचव्या जागेसाठी पाकिस्तानने आपल्याला पुन्हा सरळ सेटमध्ये हरवलं. पाकिस्तान! त्यांचा गहू वेगळा नाही, हाडं वेगळी नाहीत. क्रिकेटचं वेड आपल्याइतकंच, पैसा आपल्याहून कमी. त्यांनी ब्राझीलचा प्रशिक्षक आणला होता. साहेबांच्या तिन्ही कारणांना त्या एका सामन्यात उत्तर मिळालं होतं.

इराणचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं. २००९ पर्यंत इराणला हे अजिंक्यपद एकदाही मिळालेलं नव्हतं. २०११ मध्ये अर्जेंटिनाचे हुलिओ वेलास्को प्रशिक्षक म्हणून आले. १९९० च्या दशकात इटलीला जगज्जेतं करणारा हा माणूस, आणि पॅरिसला २०२४ मध्ये इटलीच्या महिलांना सुवर्ण मिळवून देणाराही हाच. त्यांच्या हाताखाली इराणने २०११ मध्ये तेहरानला आणि २०१३ मध्ये दुबईला आशिया जिंकला. २०१६ मध्ये इराणचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला. आणि वेलास्को गेल्यावर ही गाडी थांबली नाही. इराणच्या एकवीस वर्षांखालच्या संघाने २०१९ आणि २०२३ मध्ये जागतिक विजेतेपद घेतलं. खाली मुळं धरली होती म्हणून हे झालं.

वेलास्कोंची एक शिकवण व्हॉलीबॉलच्या जगात फार प्रसिद्ध आहे. बहाण्यांची साखळी कशी बनते, ते ती सांगते. मारणारा म्हणतो, लिफ्ट नीट आली नाही. लिफ्टर म्हणतो, पास नीट आला नाही. पास देणाऱ्याच्या मागे कोणी उभं नसतं, मग तो म्हणतो, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतोय, तो दिवा बंद करा. त्यांचं म्हणणं असं की वाईट लिफ्टबद्दल बोलायचंच नाही, वाईट लिफ्टवरही मारायला शिकायचं. त्यांच्याआधी आणि त्यांच्याविना आपल्याकडे ही शिकवण ‘अंगण वाकडं’ या दोन शब्दांत होतीच. फरक एवढाच, त्यांनी ती मैदानावर वापरली आणि आपण ती शाळेच्या पेपरात अर्थ लिहून सोडून दिली. परवाच्या भाषणात दिवा बंद करायची जी मागणी झाली, ती थेट देवाकडे झाली.

क्रिकेटचं पाहू. क्रिकेट पैसा, वेळ आणि पोरं ओढून नेतं, यात खोटं काही नाही. पण इराणमध्ये पहिला मान फुटबॉलचा आहे, जपानमध्ये बेसबॉलचा. दुसऱ्या नंबरचा खेळ असूनही त्यांनी आशिया जिंकला. युरोपचं अजिंक्यपद पाहा. स्लोव्हेनिया नावाचा देश, लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास. आपल्या एका पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांवर होती. या चिमुकल्या देशाने २०१५, २०१९ आणि २०२१ अशी तीनदा युरोपियन अजिंक्यपदाची अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा हरले: फ्रान्सकडून, सर्बियाकडून, इटलीकडून. ती माणसं उंच असतात हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर साहेब लगेच पकडतील. पण इथे प्रश्न माणसांच्या संख्येचा आणि पैशाचा आहे. मूठभर पोरांतून बारा जण काढायचे, तर एकही वाया घालवून चालत नाही. आपण एकेका तालुक्यात भिंतीवरच्या रेघेखाली पन्नास वाया घालवतो.

पैशाबद्दल तर मला जरा स्पष्टच बोलावं लागेल. पैसा कमी होता हे खरं, पण जो होता त्याचं काय झालं? डिसेंबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. कारण उंची नव्हती, संघटनेतली भांडणं होती. २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग सुरू झाली, टीव्हीवर दिसली, आणि एका हंगामातच वादात बुडाली. प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग या नावाने नवी सुरुवात झाली. पुढे मुंबई मिटिअर्स आली, गोवा गार्डियन्स आली. चांगलं आहे, पोरांना चार पैसे मिळतात, नाव होतं. पण आकडे पाहा. २०२२ च्या हंगामात सात संघ होते आणि साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला सहा सामने. सेटही २५ ऐवजी १५ गुणांचे. जपानच्या एसव्ही लीगमध्ये एक संघ एका हंगामात साखळीचेच ४४ सामने खेळतो, तेही पूर्ण लांबीचे. मग उरलेलं वर्ष आपला खेळाडू काय करतो? रेल्वे, सेनादल, तेल कंपन्या यांच्या संघांतून खेळतो, गावोगावच्या निमंत्रितांच्या स्पर्धांत जातो. कष्ट करतो, यात वाद नाही. पण ताशी १२० च्या सर्व्हिसेस रोज हातांवर घ्यायला मिळाल्या तरच हातांना त्यांची ओळख होते. ती ओळख ४४ सामन्यांत होते, सहांत होत नाही. भांडणात गेलेली वर्षं हातांवर दिसतात.

आणि आता तो शेवटचा दिलासा: आशियाई स्पर्धा म्हणजे ऑलिंपिक नव्हे. हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं, कारण ते प्रेमाने बोललं गेलं. ऑलिंपिकला जायची पायरी कुठली? जागतिक अजिंक्यपदाला जायची वाट कुठली? खंडाची स्पर्धा. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत आशियाच्या वाट्याच्या पहिल्या तीन जागा उर्मियाच्या पहिल्या तिघांना मिळाल्या: जपान, इराण, कतार. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तर २०२६ च्या खंडीय विजेत्यालाच थेट तिकीट असा नियम ठेवला गेला. पायरीला पायरी म्हणून नाकारायचं आणि मग वरच्या मजल्यावर आपण का नाही म्हणून हळहळायचं, हा कुठला न्याय?

शिवाय ही स्पर्धा ज्यांना महत्त्वाची वाटते, त्यांच्याकडे पाहा. २०२१ मध्ये इराणने जपानच्या भूमीवर, चिबामध्ये, जपानला सरळ सेटमध्ये हरवून आशिया जिंकला. दोन वर्षांनी जपानने इराणच्या उर्मियात, इराणी प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये, इराणला सरळ सेटमध्ये हरवून तो परत नेला. दुय्यम स्पर्धेचा हिशेब कोणी असा मनात धरून ठेवत नाही.

साहेबांचा हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. त्यांनी उमेदीची वर्षं या खेळाला दिली आणि हाती काही लागलं नाही. त्याचं दुःख हलकं करायला माणूस कारण शोधतो. उंची हे सगळ्यांत सोयीचं कारण, कारण त्याला कोणी जबाबदार नसतं. प्रशिक्षकाला जाब विचारावा लागत नाही, निवड समितीला नाही, महासंघाला नाही. आईबापाचं रक्त आणि देवाची मर्जी म्हटलं की फाईल बंद. म्हणूनच हे कारण मैदानावर उभं राहून मुलांना सांगायचं नसतं.

उपाय म्हणाल तर तो फार मोठा नाही आणि दिल्लीची वाटही पाहावी लागत नाही. भिंतीवरची रेघ राहू द्या. तिच्यासमोर मैदानात नेटपाशी चुन्याने एक चौकोन आखा, लिफ्टर उभा राहतो तेवढा. निवडीच्या दिवशी प्रत्येक मुलावर वीस सर्व्हिस मारा, आणि त्यांतल्या किती चेंडूंचा पास त्या चौकोनात पडतो ते मोजा. रेघेला हात लागला नाही पण पंधरा पास चौकोनात पडले, तर तो पोरगा संघात. शिवाय जिल्ह्याच्या साखळीत प्रत्येक शाळेला दोनाऐवजी दहा सामने मिळतील असं वेळापत्रक करा. एवढं एका तालुक्याने पाच वर्षं केलं तर फरक डोळ्यांना दिसेल.

त्या रात्री अंतिम सामना मी नेहमीसारखा पाहिला, म्हणजे खिशातला कागद काढून, रेघा मारत. सवय जात नाही. शेवटच्या सेटमध्ये हरणाऱ्या संघाने २५ गुण गमावले. त्यांतले ११ सर्व्हिस नीट न उचलल्यामुळे गेले. ब्लॉकवर, म्हणजे समोरच्याच्या उंचीपायी म्हणता येतील असे, फक्त ३. नंतर बक्षिसं वाटली गेली. उत्कृष्ट स्मॅशरला चषक, उत्कृष्ट ब्लॉकरला चषक. उत्कृष्ट रिसीव्हला काही नव्हतं. यादीत ते नावच नव्हतं. मग साहेब माइकपाशी आले आणि देवाने आपल्याला उंची दिली नाही असं म्हणाले.

तो कागद माझ्याकडे आहे. त्यांना हवा असेल तर नेऊन देईन.